खोली तुमची, वसरी माझी

भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसाला घरमालकाने काय विचारावं? पगार किती, माणसं किती, फार तर जात कोणती. आम्हाला विचारलं गेलं, "कोठीत पीठ किती दिवसाचं असते?"

सत्तावन्न साल असेल. नवे पैसे नुकते सुरू झाले होते आणि बाजारात जो तो आण्यांवरून भांडत होता. माझे यजमान यवतमाळला शाळेत मास्तर म्हणून लागले होते. मी एकोणीस वर्षांची, लग्नाला चार महिने झालेले. मला वाटलं म्हातारा चळला आहे. मी म्हटलं, "आठ दिवसाचं." तो म्हणाला, "पंधरा दिवसाचं ठेवत जा," आणि पुढचा प्रश्न टाकला, "भाडं पुरं देसान का अर्धं?"

आता असं विचारल्यावर कोणता शहाणा पुरं म्हणेल? यजमान हसून म्हणाले, "अर्धंच घ्या की."

"तंगी हाय काय?"

पगारदार माणूस, शेजारी नवी बायको, तंगी आहे कसं म्हणणार? "छे, तंगी कशाची," यजमान म्हणाले.

"मंग पुरं. बारा रुपये. खोली तुमची, वसरी माझी."

सगळे त्यांना आबाजी म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. सरकारी दवाखान्याच्या मागे त्यांच्या नऊ खोल्या एका ओळीत होत्या, प्रत्येकीपुढे शेणाने सारवलेली लांब-रुंद ओसरी. ते स्वतः मात्र ओळीच्या टोकाला कुडाच्या खोपटात राहत, पावसाळ्यात ज्यात आमच्याकडची शेळीसुद्धा उभी राहिली नसती. नऊ पक्क्या खोल्यांचा मालक कुडात झोपतो, हे पाहून पहिल्या दिवशी मी आ वासला तो पुढची कित्येक वर्षं मिटला नाही.

'वसरी माझी' याचा अर्थ तिसऱ्या दिवशी कळला. दिवे लागायच्या सुमारास एक नवरा-बायको आमच्या ओसरीवर येऊन चक्क बसले. बाईने माझ्या हातात एक कवडी ठेवली. "आबाजीची हाय," म्हणाली. तिचा भाऊ दवाखान्यात होता, त्यांना रात्र काढायची होती. मी तणतणत आबाजींकडे गेले. ते दोर वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "एक कवडी म्हनजे एक घर पावनं. निजाले वसरी, खाले भाकर. कोन, कुठचे, काय दुखते, पुसाचं नाई. एक तारखेले भाड्यासंगं कवड्या वापस देजा."

"आणि आम्ही नाही दिली भाकर तर?"

"तंगी असली त अर्धं भाडं देजा. मंग तुमच्या वसरीवर कोनी येनार नाई. उलटं तुमाले काई कमी पडलं त मी आनून देईन."

म्हणजे बघा. ज्याच्याकडे आहे त्याने पुरं भाडं भरायचं आणि वर पाव्हणा सांभाळायचा. ज्याच्याकडे नाही त्याने अर्धं भरून सुखात राहायचं. असला उफराटा कायदा मी आजतागायत कुठे ऐकला नाही. यजमानांना म्हटलं, हा माणूस दानधर्म करतो तो आपल्या पिठावर, पुण्य याच्या खात्यात आणि पाठ मोडते माझी. यजमान म्हणाले, बारा रुपयांत दवाखान्याजवळ दुसरी खोली शोधून दाखव. ती काही मिळाली नाही.

कवड्या त्यांच्या आईच्या होत्या. तांड्यातल्या बायकांच्या फेट्या-कांचोळीवर, म्हणजे घागरा-चोळीवर, लावतात तशा. आई गेल्यावर आबाजींनी उसवून ठेवलेल्या. त्यांतल्या काही दवाखान्याच्या फाटकाजवळच्या चहावाल्याकडे ठेवलेल्या असत. एस.टी.तून उतरून कोणी गोंधळलेलं, गाठोडं घेऊन उभं दिसलं की चहावाला त्याला एक कवडी द्यायचा आणि ओळीतली एक खोली नेमून द्यायचा.

माझ्या वडिलांना हे कळलं तेव्हा ते भेटायला आले. पंधरा एकर कपाशीवाले, त्यांचं नाक वर. "तांड्यावरच्या मानसाच्या घरात भाड्यानं राहतेस?" म्हणाले. आबाजींनी ते ऐकलं. जराही रागावले नाहीत. म्हणाले, "खरं हाय पाटील. माह्या आज्याजवळ शंभर बैल होते, पन घर नोतं. मीठ वाहे, धान वाहे. सांज झाली का ज्या शिवारात बैल थांबले थे घर. तुमच्यासारख्याईच्या आज्यानं उठोलं नाई, म्हनून मी हाय." माझे वडील चहा न घेता जाणार होते, ते चहा घेऊन गेले.

असा दाता माणूस म्हणजे भाड्याच्या बाबतीत हात सैल असेल असं कोणाला वाटलं तर त्याची फजितीच. एक तारखेला सूर्य डोकं काढायच्या आत आबाजी दारात. आमच्या शेजारी एक कंपाउंडर होता, एकटा जीव, सिगरेटी फुंकणारा. त्याने एकदा "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं. आबाजी सरळ मागे फिरले. पहार आणली, त्याच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून उपसलं आणि खांद्यावर टाकून घेऊन गेले. तीन दिवस कंपाउंडर बिनदाराच्या खोलीत राहिला. आम्ही बायका पाण्याला जाताना तिकडे न बघता जायचो, म्हणजे बघतच जायचो. चौथ्या दिवशी भाडं आलं, दार आलं.

आणि पलीकडच्या खोलीत पापड लाटणारी एक विधवा होती, अर्ध्या भाड्याची. तिला मात्र सकाळी पहिला राम राम आबाजींचा. ती लाजायची. ते म्हणत, "घेनं लाजेचं नोय माय, लपवनं लाजेचं."

दर दोन-तीन वर्षांनी ते एक खोली वाढवत. भाड्याचे पैसे साठले की विटा यायच्या. कापसाच्या एका बड्या दलालाने त्यांना गाठून सांगितलं, अहो, जागा दवाखान्याला लागून आहे, ओसऱ्या बंद करा, खाटा टाका, माणशी आठ आणे घ्या, दोन वर्षांत माडी चढेल. आबाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोली कायले बांधतो मी? वसरी भेटते म्हनून. खोलीशिवाय वसरी उभी नाई राहत नं." दलाल मोटारीत बसताना माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवून गेला. मीही मान हलवली. माझंही मत तेच होतं.

एवढं सगळं सांगते आहे ते पुढचं सांगवत नाही म्हणून.

दुसऱ्या वर्षाचा पौष होता. थंडी अशी की अंगणातला पाण्याचा पितळी गुंड सकाळी हातात धरवत नव्हता. माझी थोरली बहीण अमरावतीहून दुसऱ्या दिवशी येणार होती. तिचं सासर बड्या घरचं. आदल्या खेपेला तिने आमच्या ओसरीवर झोपलेली माणसं पाहून नाकाला पदर लावला होता, आणि माहेरी जाऊन सांगितलं होतं की हिने धर्मशाळा काढली आहे. ते मला फार लागलं होतं. तेव्हा या वेळी मी सकाळपासून कंबर कसली. ओसरी सारवली, कडेने रांगोळी काढली, गव्हाचं पीठ दळून आणलं, कोठी काठोकाठ. आबाजी चतुर्थी म्हणून कळंबला चिंतामणीला गेलेले. यजमान शाळेच्या कामाला बाहेर.

संध्याकाळी एक म्हातारी आली, सोबत तिची सून. सुनेचे दिवस भरत आलेले, पाय सुजून खांबासारखे. म्हातारी मुकुटबनकडच्या तांड्यावरची होती. सकाळी डॉक्टरला दाखवायचं होतं. तिने कवडी पुढे केली.

मी कवडीकडे पाहिलं. मग ताज्या ओसरीकडे पाहिलं. आणि म्हणाले, "घरी पाव्हणे आलेत. जागा नाही, जेवण पण संपलं."

खोलीत कोणी नव्हतं. दार अर्धवट उघडं होतं, आतलं सगळं तिला दिसत असणार. की दिसलं नसेल, मला माहीत नाही. म्हातारीने कवडी परत कनवटीला लावली. "असू दे बाई, पावने असले का होतेच," असं म्हणाली आणि सुनेला धरून निघाली. दुसऱ्या कुठल्या खोलीत जातील, असं मी मनाला सांगितलं. आठ दारं होती. कवडी मात्र ज्या खोलीची त्या खोलीत, असं चहावाला प्रत्येकाला बजावायचा, ते तेव्हा मला आठवलं नाही. आठवलं असतं तर मी हाक मारली असती की नाही, तेही मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

बहीण आली, पुऱ्या खाल्ल्या, ओसरीची तारीफ करून गेली.

आबाजी तिसऱ्या दिवशी परतले. चहावाल्याने त्यांना सांगितलं की मास्तरांकडे जागा नाही, जेवण संपलं म्हणून म्हातारीने पहाटे कवडी वापस केली. कवडी वापस येणं ही गोष्ट तोवर घडलेलीच नव्हती. दुपारी आबाजी आमच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता पहार. त्यांच्या खांद्यावर पहार नव्हती, ज्वारीचं पोतं होतं.

ते त्यांनी उंबऱ्यात टेकवलं आणि हात जोडले. "मास्तरीनबाई, माफ करजा. तुमाले तंगी आली आन मले दिसली नाई. मी पावन्यावर पावने धाडून राह्यलो. सांगाव नं, माय. या महिन्यापासून अर्धं भाडं."

मागे पाच पावलांवर काठोकाठ भरलेली कोठी. असलेला माणूस नाही म्हणेल हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं. यजमान घरात होते. त्यांनी कोठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "सांग त्यांना." मी पोतं आत ओढून घेतलं. हो, घेतलं. सगळी ओळ बघत होती, आणि खरं सांगण्यापेक्षा ज्वारी घेणं सोपं वाटलं.

आठ दिवसांनी म्हातारीचा मुलगा यवतमाळला आला तेव्हा पुढचं कळलं. त्या रात्री दोघी दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसल्या. सून थंडीने आणि भीतीने रडायला लागली. म्हातारी म्हणाली, ज्या गावात टेकाले जागा नाई त्या गावात बाळंतपन कोन करन, आणि डॉक्टर यायच्या आत पहाटेची गाडी धरून तिला परत घेऊन गेली. घरी पोचता पोचता कळा सुरू झाल्या. मूल जन्मलं ते गेलेलंच. पहिलं मूल, मुलगी.

यवतमाळात राहिली असती तर वाचली असती का? देव जाणे. यजमान मला हेच सांगत राहिले, देव जाणे, देव जाणे. मला जे जाणायचं ते मी जाणून होते.

आबाजींनी त्या संध्याकाळी सगळ्या बिऱ्हाडकरूंना गोळा केलं. मी दाराआड उभी. ते म्हणाले, "चूक माही हाय. उपाशी घरात मी पावनं धाडलं. कोनाच्या घरात काय हाय थे मले समजत नाई, आन मी दुसऱ्याच्या चुलीवर उदार होऊन राह्यलो. आजपासून कवडी बंद. सगळ्याईचं भाडं अर्धं."

तुम्हाला वाटेल लोक हळहळले असतील. कंपाउंडर टाळी वाजवता वाजवता थांबला. चार दिवसांत निम्म्या ओसऱ्यांना तुराट्यांच्या ताट्या लागून त्या बंद झाल्या. कोणी तिथे जळणाच्या पऱ्हाट्या भरल्या, कोणी सायकल ठेवली. दहाव्या खोलीसाठी आलेल्या विटा आबाजींनी बंडीत भरून परत पाठवायला सुरुवात केली. आणि मी पाण्याला जायची त्या वाटेवर, दवाखान्याच्या भिंतीला लागून, रोज सकाळी माणसं दिसायला लागली. पोती पांघरलेली, लेकरं पोटाशी धरलेली. मोजायची नाही म्हटलं तरी नजर मोजायची.

म्हातारा त्या खोपटात दोन दोन दिवस चूल पेटवत नव्हता. पापडवाल्या बाईने नेलेली भाकर तशीच परत यायची. माझं खोटं त्याला पोखरत होतं आणि मी त्याच्याच ज्वारीच्या भाकरी थापत होते. एका सकाळी मला थापवेना. हात धुतले आणि गेले.

आबाजी बंडीत विटा रचत होते. मी म्हटलं, "आबाजी, त्या दिवशी घरात पीठ होतं."

त्यांना समजलं नाही. "कोनत्या घरात?"

"माझ्या. कोठी भरलेली होती."

"जागा नोती."

"जागाही होती. पाव्हणे नव्हते. मी एकटीच होते."

वीट त्यांच्या हातात तशीच राहिली. त्यांच्या तोंडाकडे बघवेना. शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता तर बरं वाटलं असतं. तसं काही नाही. लहान पोराला न कळणारी गोष्ट सांगावी आणि त्याने ती समजून घ्यायचा जीव तोडून प्रयत्न करावा, तसे ते बघत राहिले. शेवटी म्हणाले, "होतं, आन नाई म्हनलं?"

"हो."

"काहून?"

"बहीण येणार होती. ओसरी सारवली होती."

मी हे बोलले तेव्हा मला स्वतःलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. यजमानांनाही मी असं सरळ सांगितलेलं नव्हतं. आबाजींनी वीट खाली ठेवली. म्हणाले, "मले कायले सांगता? माहं काय गेलं? जिचं गेलं तिले सांगा. मी येतो संगं."

रविवारी आम्ही निघालो. वणीपर्यंत एस.टी., पुढे कोणाच्या तरी बंडीने, मग पायी. मी पाठ केलेलं सगळं विसरले. तांड्यावर पोचलो तेव्हा उन्हं उतरलेली. म्हातारी दारात तूर पाखडत होती. तिने मला लगेच ओळखलं. उठली, हसली, घोंगडं अंथरलं. "याडी, ये," म्हणाली. याडी म्हणजे आई. माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठी बाई मला आई म्हणत होती.

मी उभ्यानेच सांगितलं. पाव्हणे नव्हते, पीठ होतं, जागा होती, मी खोटं बोलले. तिला माझी भाषा पुरती कळली की नाही म्हणून आबाजींनी ते सगळं त्यांच्या बोलीत पुन्हा सांगितलं. एकही शब्द मवाळ केला नाही, हे मला न समजताही समजलं. दाराच्या आत सून बसली होती. तिने ऐकलं. तिने पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

म्हातारीने पाखडायचं सूप उचलून भिंतीला उभं केलं. आजूबाजूच्या दोन-तीन बायका येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता या मला मारतील, आणि मारावं असंही वाटलं.

म्हातारी आत गेली. बाहेर आली ती पितळेची थाळी घेऊन. बाटी, म्हणजे ज्वारीची जाड भाकर, वर तिखटाचा गोळा, बाजूला पाण्याचा तांब्या. थाळी माझ्यासमोर ठेवली.

"आधी बाटी खाय," म्हणाली.

मी आबाजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. मी म्हटलं, मला जाणार नाही. म्हातारी म्हणाली, "दारात आलं मानूस बिना खाल्ल्याचं जात नाई आमच्यात. खाय."

मी खाल्लं. तिच्यासमोर, त्या बायकांसमोर, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या पोरीच्या पाठीसमोर, एकेक घास पाण्याबरोबर ढकलत सगळी भाकर खाल्ली. म्हातारी समोर बसून होती. अर्धी संपली तेव्हा तिने तांब्या भरून आणला. माझी थाळी रिकामी झाली तशी तिने ती उचलली, माझ्या हातावर पाणी घातलं, हात पुसायला स्वतःचा पदर दिला.

मग म्हणाली, "झालं जेवन? आता जाय. पुन्हा येऊ नको."